रुसव्याची कॅसेट

पांढुर्णा जिल्हा झाला आणि श्रीकांत कळंबेला वाटलं, आता आपणही काहीतरी झालं पाहिजे. गावात ज्याच्या त्याच्या पाटीवर 'जिल्हा' चढला होता. बसस्टँडच्या चहावाल्यानं सुद्धा पाटी बदलून 'जिल्हा टी सेंटर' करून घेतली. श्रीकांतचं स्टेशन रोडवरचं 'सायली व्हिडिओ' मात्र तेहतीस वर्षांपासून तेच होतं. फरक एवढाच की व्हिडिओ आता कोणी त्याच्याकडून काढून घेत नव्हतं. लग्नांना नागपूरहून ड्रोनवाले येत. श्रीकांतकडे लोक येत ते पासपोर्ट फोटोला आणि आधारची झेरॉक्स काढायला, आणि झेरॉक्स फिकी निघाली तर त्यालाच ऐकवून जात.

मग एका दुपारी मोबाइलवर त्यानं कोणा मुंबईवाल्याची मुलाखत पाहिली. तो गृहस्थ जुने जलसे, जुने ऑर्केस्ट्रे, जुने तमाशे यांचं चित्रीकरण जमवून बसला होता, आणि सिनेमावाल्यांना ते वापरायला देत होता. विकत नव्हता, नुसतं वापरायला देत होता, आणि तेही सेकंदाच्या भावानं. श्रीकांतनं मुलाखत तीनदा पाहिली. कापूस क्विंटलनं जातो, संत्र्याचा बगीचा झाडावरच ठोकात जातो, हे तो जन्मापासून पाहत होता. सेकंदानं जाणारा माल आपल्याच घरात पडून आहे, हे त्याला वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी कळलं.

माल म्हणजे तीनशे बारा व्हीएचएस कॅसेटी. संत्र्याच्या लाकडी पेट्यांत भरून त्या घराच्या मागच्या खोलीत रचलेल्या होत्या. लग्नं, मुंजी, भजनाचे मुकाबले, गणपतीतले ऑर्केस्ट्रे, मंडईच्या जत्रेतल्या खडी गमती, सगळं त्यात होतं. त्यानं नवी पाटी रंगवून घेतली: 'सायली अभिलेखागार व परवाना केंद्र'. अभिलेखागार हा शब्द त्यानं कलेक्टर ऑफिसातल्या एका दारावरून उचलला होता, त्यामुळे पहिल्या आठवड्यात चार शेतकरी खसऱ्याची, म्हणजे जमिनीच्या उताऱ्याची, नक्कल मागायला आले. एकजण तर नक्कल मिळाल्याशिवाय उठायलाच तयार नव्हता. व्हिजिटिंग कार्डावर श्रीकांतनं स्वतःच्या नावाखाली 'संचालक' छापलं. त्या दिवसापासून त्याची बायको विजया, जी प्राथमिक शाळेत मुख्याध्यापिका होती आणि हजेरी घेतल्यासारखंच बोलायची, घरात त्याला संचालक म्हणू लागली. संचालक, गॅस संपला. संचालक, दळण आणा.

विजयाचा धंद्याला विरोध नव्हता, पेट्यांना होता. मुलगी सायली दिवाळी झाली की पहिल्या बाळंतपणाला माहेरी येणार होती, आणि घरात बाळंतिणीला देण्यासारखी खोली ती एकच. कॅसेटींना बुरशी चढलेली, पेट्यांना अजून सडक्या सालीचा वास. तिनं साफ सांगितलं होतं की दिवाळीपर्यंत या मालाला गिऱ्हाईक आलं नाही, तर प्रवीण कबाडी हातगाडी घेऊन येईल. प्रवीणला तिनं सांगूनही ठेवलं होतं. तो येता-जाता दुकानात डोकावून संचालकांची तब्येत विचारून जायचा.

गिऱ्हाईक दसऱ्याला आलं. पुण्याच्या एका माहितीपटवाल्या कंपनीत ऋतुजा नावाची मुलगी जुनं चित्रीकरण शोधून काढायचं काम करत होती, तिचा फोन आला. त्यांचा माहितीपट खडी गंमतीवर होता. शाहीर, ढोलकीवाला, बाईच्या वेशातला नाच्या, सगळे लोकांच्या मधोमध उभ्यानं गातात, नकला करतात, गावाची मापं काढतात, ती आपल्याकडची खडी गंमत. आणि त्यांना हवा होता मोहगावचा रामाजी शाहीर. रामाजीला जाऊन बावीस वर्षं झाली होती. त्याचा आवाज कुठे, कोणाजवळ उरल्याचं पुण्यात कोणाला माहीत नव्हतं.

श्रीकांत म्हणाला, रामाजीच्या अकरा कॅसेटी माझ्याकडे आहेत. हे खरं होतं, आणि त्याच्या आयुष्यात पहिल्यांदाच खरं बोलून छाती फुगवायची संधी आली होती, म्हणून त्यानं ती जरा जास्तच फुगवली. ऋतुजानं दोन अटी सांगितल्या. एक, मूळ आवाज पाहिजे. दोन, रामाजीची बायको केसरबाई हयात आहेत, त्यांची संमतीची सही पाहिजे. हे जमलं तर कंपनी नुसता रामाजीच नाही, सगळ्या तीनशे बारा कॅसेटी पुण्याला नेऊन साफ करून, संगणकावर उतरवून देईल. त्या फोनभर ती त्याला सर म्हणत होती. श्रीकांतनं मोजलं, सतरा वेळा.

त्यानं नमुना पाठवला, आणि दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला. चित्र फार सुंदर आहे म्हणाली, पण आवाज?

"बरोबर लागला ना?" श्रीकांत खुशीत म्हणाला. "रामाजीच्या पायाच्या ठेक्यावर बसवला मी तो."

"सर, हे सिनेमाचं गाणं आहे. मूळ आवाज हवाय."

"हाच तर मूळ. मी स्वतः टाकला."

पलीकडे तोच तुकडा पुन्हा वाजला. मग ऋतुजानं हळूच विचारलं, "काका, तुम्ही शाहिरांचा आवाज पुसलात?"

सरचा काका व्हायला एक रात्र पुरली.

आता यात श्रीकांतची बाजूही ऐकली पाहिजे, कारण ती तो स्वतः त्यानंतर महिनाभर कोणालाही ऐकवत होता. त्या काळी नुसतं शूटिंग करून दिलेल्या कॅसेटीला लोक कच्ची म्हणत. कच्ची कॅसेट म्हणजे न फोडणी दिलेलं वरण. गिऱ्हाईक विचारायचं, मिक्सिंग केलं की नाही? व्हीसीआरवर एक लाल बटण असायचं. ते दाबलं की चित्र तसंच राही आणि वरून नवं गाणं चढे. कॅसेटवर आवाजाची पट्टी एकच, त्यामुळे नवा चढला की जुना गेला, कायमचा. पांढुर्ण्यापासून सौंसरपर्यंत त्या लाल बटणावर श्रीकांतसारखा हात कोणाचा नव्हता. नवरीच्या पाठवणीला रडकं गाणं, वरातीला नाचरं, जामसांवलीच्या भजनी मंडळाला बासरी, आणि रामाजीच्या गमतीला त्या साली जे गाणं जोरात चाललं असेल ते. लोक वाहवा करत. त्याला मिक्सिंग मास्टर म्हणत. तेहतीस वर्षांत इतक्या लोकांचे इतके आवाज त्यानं इतक्या मेहनतीनं पुसले होते, आणि आता त्याच खोलीला तो अभिलेखागार म्हणत होता.

त्यानं अकराही कॅसेटी एकेक करून लावून पाहिल्या. रामाजी छातीवर हात ठेवून काहीतरी काळीज कापणारं म्हणतोय, आणि त्याच्या तोंडातून डिस्को निघतोय. रामाजी अभंगाला डोळे मिटतोय, आणि मागे गिटार. एका ठिकाणी अर्धा सेकंद मिक्सिंग हुकलं होतं. तिथं 'ऐका' एवढंच ऐकू आलं आणि लगेच मुंबईची एक बाई गाऊ लागली. श्रीकांतनं तो अर्धा सेकंद नऊ वेळा ऐकला. विजया दारातून म्हणाली, "संचालक, अर्ध्या सेकंदाचा भाव काय येऊन राहिला?"

तरी माणसाची खोड जात नाही. श्रीकांतला वाटलं, आवाजाचं पाहू, आधी सही तर घेऊन ठेवू. हातात सही असली की पुण्याचे लोक तडजोड करतील. सकाळीच त्यानं मोटरसायकल काढली, जामसांवलीच्या फाट्यावर हनुमानाला हात जोडले, सौंसर ओलांडलं आणि मोहगाव गाठलं.

केसरबाई अंगणात बसून संत्री निवडत होती, मोठी एका ढिगात, गोटी एका ढिगात. ऐंशी गाठलेली बाई, नजर मात्र अशी की संत्र्याला हात लावायच्या आधीच त्याचा ढीग ठरत होता. श्रीकांतलाही तिनं त्याच नजरेनं पाहिलं आणि कोणत्या ढिगात टाकलं ते सांगितलं नाही. त्यानं कार्ड दिलं, कंपनीचं सांगितलं, माहितीपटाचं सांगितलं, कागद पुढं केला. ती म्हणाली, सहीचं काय, येते मले. पहिले दाखव.

त्यानं टॅबलेटवर उतरवून आणलेली, अकरातली त्यातल्या त्यात बरी कॅसेट लावली. केसरबाईनं पदर सावरला. फेट्यातला रामाजी पडद्यावर आला, हसला, हात वर करून गाऊ लागला. तिनं मान पुढं केली, कान लावला. मग मागे सरली.

"मानूस त माया हाय," ती म्हणाली. "आवाज कोनाचा होय?"

श्रीकांत मिक्सिंगचं समजावू लागला. तिनं त्याला बोलू दिलं. संत्री निवडायचं थांबली नाही. त्याचं संपल्यावर म्हणाली की बावीस सालात या मानसाचा आवाज तिनं ऐकला नाही. स्वप्नात येतो तोही मुका येतो. तू आवाज आन, मी सही देतो. नाहीतर हा कागद घेऊन जा, याच्यात दोन गोटी संत्री बांधून देतो.

श्रीकांत उठला. मोटरसायकलीपर्यंत पोचला असेल, तेव्हा मागून तिनं विचारलं, "अन् ते रुसव्याची कॅसेट?"

त्याला कळलंच नाही. म्हणजे कळलं, पण कळू नये असं वाटलं.

शहाण्णव सालच्या मंडईची ती गोष्ट. दिवाळीनंतर मोहगावला मंडईची जत्रा भरते, दुपारची गंमत होते. गमतीचा एक रिवाज आहे. शाहीर गर्दीतल्या ज्याचं नाव घेऊन टवाळी करेल, त्यानं जागेवर उभं राहायचं, हात जोडायचे, सगळ्यांबरोबर हसायचं. पाटील असो, मास्तर असो, उभं राहावंच लागतं. त्या साली रामाजीनं श्रीकांतचं नाव घेतलं, आणि श्रीकांत उभा राहिला नाही. सामान आवरून निघून आला. आतापर्यंतच्या मंडयांत तसं करणारा तो एकटाच. ती कॅसेट त्यानं रागारागात मिक्सही केली नाही, कोणाला दिलीही नाही.

"दोनदा आले ते तुया दुकानात," केसरबाई म्हणाली. "थैलीत संत्री घेऊन. तू म्हनला, कॅसेट मशीननं खाल्ली."

"म्हनलो असन," श्रीकांत म्हणाला.

"खाल्ली का खरंच?"

त्यानं मान हलवली. नाही.

"मंग शोध," ती म्हणाली, आणि एक संत्रं मोठ्या ढिगात टाकलं.

घरी येऊन त्यानं पेट्या उपसल्या. विजयानं विचारलं नाही, पण शाळेतून आल्यावर साडीचा पदर खोचून तीही बसली. दोघांनी मिळून संध्याकाळपर्यंत पेट्या खाली केल्या. कॅसेट सर्वांत खालच्या पेटीत निघाली. कागदावर नाव नव्हतं, तारीख नव्हती, फक्त 'खराब' लिहिलं होतं. अक्षर त्याचंच होतं, आणि पेन इतकं दाबून लिहिलेलं की कागद फाटला होता. दुसऱ्या दिवशी रविवार. त्यानं स्पिरिटनं बुरशी पुसली, फीत हातानं पुढं-मागं फिरवली आणि लावली.

आधी ऐकू आला तो स्वतः श्रीकांत. एकोणतीस वर्षांचा, बारीक आवाजाचा, कॅमेऱ्यामागून अखंड बडबडणारा. ढोलकीवाल्याला बाजूला सर म्हणतोय. कोणाला तरी सांगतोय की पुढच्या साली मी दोन कॅमेरे आणून राहिलो. चहात साखर नाही म्हणतोय. मग शेजारच्याला, "हा बुढा गाते बरा, पण मिक्सिंगशिवाय याले कोन पाहते."

विजया पेटीवर बसली. तोंडाला पदर लावला, पण खांदे लपले नाहीत.

मग ढोलकी थांबली आणि रामाजी सरळ कॅमेऱ्याकडे वळला.

"थांबा जी. व्हिडिओवाले आले, मंग कायले गावं? यायची मशीन भारी. मी गातो मोहगावात, आवाज निंगते मुंबईचा. मागच्या साली मी अभंग म्हनला, घरी कॅसेट लावून पाह्यतो त मी डिस्को गाऊन राहिलो. आमची बुढी म्हने, अजी, तुमाले हे कवा शिकोलं कोनं?"

गर्दी हसली. रामाजीनं हसू ओसरू दिलं. त्याला वेळ कळत होता.

"श्रीकांत भाऊ, उभे राहा बरं. एक इनंती हाय. जितेपनी तुमी मले काहीबी गायले लावा. मेल्यावर तेवढा माया आवाज माया तोंडात राहू द्या."

हसणं इतकं मोठं झालं की यंत्राचा काटा थरथरला. चित्र हललं. बारीक आवाज म्हणाला, "घ्या, बंदच करतो मी." चित्र गर्रकन खाली आलं, आणि धूळ, एक मोडकी चप्पल आणि कोणाचे तरी काळे पाय दिसू लागले.

पण कॅसेट बंद झाली नव्हती. चिडलेल्या माणसाला बटणसुद्धा नीट दाबता येत नाही. कॅमेरा खुर्चीवर आडवा टाकून श्रीकांत कुठंतरी कुरकुरायला गेला होता, आणि पुढली बावन्न मिनिटं कॅमेरा पाय बघत राहिला आणि रामाजी गात राहिला. गण गायला, गौळण गायली, सावकाराची नक्कल केली. शेवटी ढोलकी थांबवून नुसत्या टाळीवर अभंग म्हणाला. ढोलकी नाही, गिटार नाही, मुंबईची बाई नाही. जिथं जिथं श्रीकांत नव्हता, तिथं तिथं सगळं शाबूत होतं.

आयुष्यात एवढं चांगलं काम त्याच्या हातून दुसरं झालं नव्हतं, आणि ते तो जागेवर नसताना झालं होतं.

ऐकून झाल्यावर विजया पेटीवरून उठली. मग श्रीकांतच्या मनात जे यायला नको होतं ते आलं. त्यानं कॅसेट संगणकावर उतरवली आणि बाण सरकवत सरकवत 'थांबा जी'पाशी आणला. तेवढी दीड मिनिटं काढली की उरतो निखळ रामाजी. पुण्याला काय कळतंय. माहितीपट नागपुरात दाखवतील, भोपाळला दाखवतील, सायलीच्या सासरी पाहतील. परवाना केंद्राच्या संचालकाला सगळा गाव हसताना पाहतील. नुसती दीड मिनिटं.

विजया मागे उभी होती. तिनं पडद्याकडे पाहिलं, बाणाकडे पाहिलं.

"करा मिक्सिंग," ती म्हणाली, आणि चहा ठेवायला गेली.

श्रीकांतचा हात माउसवरून आपोआप खाली आला.

त्यानं सगळी कॅसेट जशीच्या तशी पुण्याला पाठवली. ऋतुजाचा फोन तासाभरात आला. बावन्न मिनिटं हवीत, पाय-चप्पल-धूळ सगळं हवं. पण सगळ्यांत आधी ती दीड मिनिटं हवीत. माहितीपट त्यावरच सुरू होणार. गाडी पुढच्या आठवड्यात येऊन सगळ्या पेट्या घेऊन जाईल. फक्त एक अडचण होती. चित्रीकरणात ज्याचं नाव घेऊन टवाळी झाली त्याचीही संमती लागते, म्हणजे केसरबाईंबरोबर त्या व्हिडिओवाल्याचीही. तिच्या फोनमध्ये तो नुसता 'कळंबे काका' होता, म्हणून ते श्रीकांत भाऊ कोण होते, हयात आहेत का, असं तिनं त्यालाच विचारलं.

"हयात आहे," श्रीकांत म्हणाला. "थोडाफार."

पुन्हा मोहगाव, पुन्हा तेच अंगण, या वेळी विजया मागे बसून आली होती. केसरबाईनं हात धुतले, पदरानं पुसले आणि टॅबलेट मांडीवर घेतला. बडबड ऐकून तिनं एकदा श्रीकांतकडे पाहिलं. रामाजी बोलू लागला तशी ती हलेनाशी झाली. 'आमची बुढी म्हने' आलं तेव्हा तिच्या ओठांनी ते वाक्य त्याच्याबरोबर म्हटलं. बावन्न मिनिटं तिनं पायांकडे पाहत ऐकलं. अभंग संपल्यावर म्हणाली की चप्पल यायचीच होय, अंगठा तुटला होता, दुसरी घ्या म्हनलं त ऐकत नव्हते. आणि मग तिनं डोळ्यांना पदर लावला. विजयानं सोललेलं संत्रं तिच्या हातात ठेवलं, ते तसंच राहिलं.

मग तिनं कागद मागितला. केसरबाई रामाजी एवढं लिहायला तिला वेळ लागला, पण एकही काना सुटला नाही. तिला दुसरा कागद दिसला. हा कायचा, तिनं विचारलं.

"माया होय," श्रीकांत म्हणाला. "मले हसले त मायी हरकत नाही, असं लिहून देनं हाय. सही करतो आता."

त्यानं पेन उघडलं. केसरबाईनं कागदावर हात ठेवला.

"सही मंग," ती म्हणाली. "पहिले थे लाव, जिथं तुले उभं राह्याले सांगतलं."

त्यानं विजयाकडे पाहिलं. तिनं टॅबलेट हातात घेऊन ती जागा स्वतःच शोधली. शाळेत इतकी वर्षं नेमका पाठ काढायची सवय. रामाजी म्हणाला, श्रीकांत भाऊ, उभे राहा बरं.

श्रीकांत कळंबे, संचालक, उठला. गुडघा कुरकुरला, तो भाग मूळ चित्रीकरणात नव्हता. त्यानं हात जोडले. मोहगावची एकोणतीस वर्षांपूर्वीची मंडई त्याच्यावर पोट धरून हसत होती. त्यात ढोलकीवाल्याचं हसू होतं, पुसायचं राहून गेलेलं प्रत्येकाचं हसू होतं. मग विजया हसली, मग केसरबाई. पडद्यावर बारीक आवाज चिडून 'बंदच करतो मी' म्हणाला, तेव्हा अंगणात उभ्या असलेल्या म्हाताऱ्यालाही हसू आवरलं नाही.